कोल्हापूरहून सेंट किल्डा: कोनाखरच्या माथ्यावर जायचं असेल तर

सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला कोनाखरचा चढ काहीच नाही. उंची ४३० मीटर, तीही थेट समुद्रसपाटीपासून मोजलेली. पायथ्यापासून पन्हाळा चढताना जेवढा दम लागतो, साधारण तेवढाच. पायाखाली गवत, ना कातळटप्पा, ना कारवीचं रान. तरीही खुद्द स्कॉटलंडमधली कितीतरी माणसं ‘एकदा जायचंय’ म्हणत राहतात आणि जाणं राहून जातं. अडचण डोंगराची नाही, बोटीची आहे. म्हणून पहिल्यांदाच सांगते: सगळं नियोजन बोट डोळ्यांसमोर ठेवून करा. डोंगर कुठं जात नाही.

ज्यांना जागाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे. तिच्याही पलीकडे, खुल्या अटलांटिकमध्ये सुमारे ६४ किलोमीटरवर सेंट किल्डाचा बेटसमूह. हिर्टा हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट, आणि कोनाखर हा हिर्टाचा माथा. त्याची उत्तरेकडची बाजू सरळ समुद्रात तुटते. ब्रिटनमधले सर्वांत उंच समुद्रकडे ते हेच. हिर्टावर माणसं शतकानुशतकं राहिली. समुद्रपक्षी धरायचे, खायचे, आणि त्यांचं तेल नि पिसं खंडापोटी मालकाला द्यायची. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेली ३६ माणसं स्वतःच विनंती करून बेट सोडून गेली. आता तिथं कायमचं कुणी राहत नाही. लष्कराच्या रडार तळावरचे कर्मचारी, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचे रखवालदार आणि मेंढ्यांवर संशोधन करणारे लोक तेवढे पाळीपाळीनं येऊन-जाऊन असतात. युनेस्कोच्या यादीत हे बेट १९८६ साली निसर्गासाठी गेलं आणि २००५ साली संस्कृतीसाठीही.

आमच्या ग्रुपवर हा बेत टाकल्यावर पहिला प्रश्न आला होता, ‘एवढे पैसे घालून दगड बघायला?’ दुसरा, ‘तिथं तांबडा-पांढरा मिळतोय का?’ दोन्हींची उत्तरं पुढं येतील.

१. महिना आधी ठरवा

बोटी साधारण एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालतात. पण पक्ष्यांचं वेळापत्रक त्याहून आखूड असतं. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रात निघून जातात. गिलेमॉट आणि रेझरबिल त्याच्याही आधी कडे रिकामे करतात. गॅनेट मात्र सप्टेंबरातही असतात.

माझं मत विचाराल तर मेचा उत्तरार्ध ते जून अखेर. जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडं शाळांना सुट्टी असते, तिकडं त्यातल्या त्यात कोरडे महिने असतात, आणि जूनच्या शेवटी हॅरिसमध्ये (आउटर हेब्रिडीजमधलं बेट, बोट इथूनच पकडायची) सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. ऑगस्टचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून गेलात तर डोंगर मिळेल, पण निम्मे पक्षी मिळणार नाहीत.

२. बुकिंग उलट्या क्रमानं करा

आपली सवय अशी की विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं की आधी ते काढायचं, मग बाकीचं बघायचं. इथं ती सवय सोडा. क्रम असा ठेवा: बोट, मग व्हिसा, मग विमान, शेवटी मुक्काम. (मुक्कामाला फार उशीर करू नका. हॅरिसमध्ये खोल्या मोजक्याच.)

दिवसभराच्या फेऱ्या मुख्यतः दोन ठिकाणांहून निघतात. एक, हॅरिस बेटाच्या दक्षिण टोकाचं लेव्हरबर्ग. तिथून एका बाजूला अडीच ते तीन तास. दुसरं, स्काय बेटावरचं युइग; तिथून चारएक तास. बोटी छोट्या, वेगवान, बहुतेक बारा प्रवाशांच्या. जागा हिवाळ्यातच भरायला लागतात, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर चौकशी सुरू केली तर बरं. माणशी भाडं दोनशे पौंडांच्या वर धरून चाला.

आता मुख्य सापळा. बोट ठरलेल्या दिवशी निघेलच असं कुणी सांगत नाही. वारा आणि लाटा बघून कप्तान आदल्या दिवशी संध्याकाळी निर्णय देतो. लेव्हरबर्गचे बोटवाले म्हणूनच बहुधा एक दिवस आणि लगेचचा दुसरा दिवस राखीव, असं बुकिंग घेतात. तुम्ही त्याच्याही मागं-पुढं एकेक दिवस ठेवा. हॅरिसमध्ये किमान चार रात्री हव्यातच. ‘एक दिवस सेंट किल्डा, दुसऱ्या दिवशी एडिंबरा, तिसऱ्या दिवशी लंडन’ असली आखणी करणाऱ्यांनी हे बेट यादीतून सरळ काढून टाकावं; पैसे आणि डोकं दोन्ही वाचेल.

हवामानामुळं बोट रद्द झाली तर बहुतेक ठिकाणी भाडं परत मिळतं किंवा तारीख बदलून मिळते. पण तुमचा व्हिसा आला नाही म्हणून तुम्हीच रद्द केलं तर नियम वेगळे. अनामत भरण्याआधी ती ओळ वाचा.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज होतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी मात्र बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा. अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण उन्हाळी गर्दीत जास्तीचे दिवस हाताशी ठेवा. शुल्क वरचेवर बदलतं. एजंटच्या तोंडून ऐकू नका, ब्रिटन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा.

आम्ही जोडलेले कागद:

- पासपोर्ट, आणि जुना असल्यास तोही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. धंदा असेल तर नोंदणीचे कागद
- नातेवाइकाकडं उतरणार असाल तर त्यांचं पत्र आणि त्यांच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा
- बोटीच्या बुकिंगची पावती
- कुठल्या तारखेला कुठं, याचं एक पानी पत्र

दोन गोष्टींत आपले लोक हमखास अडकतात. पहिली म्हणजे अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम भरणं. मामांनी दिले, दाजींनी दिले; पण आलेल्या पैशाचा कागद नसेल तर ती रक्कम फायद्याऐवजी शंकाच निर्माण करते. दुसरी, मराठी कागद तसेच्या तसे जोडणं. सातबारा किंवा दुकानाचा परवाना दाखवायचा असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. नाहीतर तो कागद जोडला काय नि न जोडला काय, सारखंच.

पत्रात ‘साइटसीइंग’ एवढंच लिहून थांबू नका. कुठलं बेट, कुठली बोट, कुठल्या तारखा आणि राखीव दिवस का ठेवलेत, हे सरळ लिहा. खरा बेत नेमका सांगता येतो, हाच त्याचा फायदा.

प्रवास विमा काढताना बेटावरून किंवा बोटीवरून उचलून आणण्याचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारा. बेटावर दवाखाना नाही.

४. कोल्हापुरात काय सराव करायचा

पायांसाठी वेगळं काही नको. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालून गेलेला माणूस हिर्टावर आरामात चालतो. जोतिबा, गगनगड, रांगणा, जे जवळ पडेल ते. एक काम मात्र मुद्दाम करा: मसाई पठारावर दाट धुकं असताना होकायंत्र आणि नकाशा घेऊन चाला. तिथं चुकलात तर फार तर एखाद्या वाडीत निघाल. कोनाखरवर ढगात दिशा चुकली तर बाजूला कडा आहे. जीपीएस ठेवा, पण फक्त त्याच्या भरवशावर नको. बेटावर मोबाइलची रेंज नाही असंच धरून चला, त्यामुळं नकाशा आधीच उतरवून घ्या.

समुद्राचा सराव आपल्याकडं होत नाही. मालवणहून सिंधुदुर्गला बोटीनं जाऊन आलोय, हे इथं उपयोगाचं नाही.

५. सामान

छत्री घरी ठेवा. दहा रुपयांच्या रेनकोटची वाऱ्यात पताका होते. हवं ते असं:

- पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, दोन्ही
- घोट्याच्या वर येणारे, चांगली पकड असलेले बूट
- आतून लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, कानटोपी, हातमोजे (जूनमध्येसुद्धा)
- चालायची काठी. हिचा दुसरा उपयोग पुढं सांगते
- पाण्याच्या दोन बाटल्या, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात जेवण
- दुर्बीण
- कोरड्या कपड्यांचा एक जोड, बोटीवरच ठेवायला
- उलटीच्या गोळ्या

बूट, मोजे आणि सॅक निघण्याआधी धुऊन, झटकून घ्या. आपल्या मोज्यांत सह्याद्रीतली कुसळं अडकलेली असतात आणि बुटाच्या खाचांत वाळलेला चिखल. परकं बी बेटावर पोचू नये, आणि घुशी-उंदीर तर मुळीच पोचू नयेत, याबद्दल तिथं फार काटेकोर असतात. जमिनीवर किंवा बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या वसाहती घुशींनी संपवल्याची उदाहरणं जगभर आहेत. त्यामुळं बोटीत चढण्याआधी सॅक उघडून बघायला सांगतात. हल्ली बर्ड फ्लूमुळं बूट जंतुनाशकात बुडवायलाही लावतात. ते हसण्यावारी नेऊ नका. त्या साथीत इथले स्कुआ पक्षी मोठ्या संख्येनं मेले.

खाण्याबद्दल. भारतातून ब्रिटनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे मटणाचं लोणचं, खवा, पेढे घरीच राहू देत. भडंग, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, खाकरे चालतात, आणि बेटावर भडंगासारखं दुसरं काही नाही. वाऱ्यात मात्र पिशवी उघडताना पाठ वाऱ्याकडं करा, नाहीतर अर्ध्या बेटाला भडंग वाटला जाईल. सांडू नका. एक दाणाही नको.

६. हॅरिसपर्यंत

कोल्हापूरहून मुंबईला विमान आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसही आहे. मुंबईहून लंडनमार्गे ग्लासगो किंवा इन्व्हरनेस गाठायचं. पुढं दोन वाटा. घाईत असाल तर छोट्या विमानानं स्टॉर्नोवे. तिथून रस्त्यानं लेव्हरबर्ग दोनएक तास. वेळ असेल तर ग्लासगोहून बसनं स्कायवरचं युइग आणि तिथून फेरीबोटीनं हॅरिसवरचं टार्बर्ट. फेरी पावणेदोन तासांच्या आत पोचवते आणि टार्बर्टहून लेव्हरबर्ग पाऊण तासावर. मी तरी दुसरी वाट सुचवेन. मोठ्या फेरीबोटीवर तुमचं पोट समुद्राशी कसं वागतं ते आदल्या दिवशीच कळतं.

आपल्या वाहन परवान्यावर तिथं वर्षभरापर्यंत गाडी चालवता येते, आणि गाडी डावीकडूनच असते. हॅरिसचे कित्येक रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे. हॉर्न मारू नका. लोक घाबरून बघतात.

रविवारची काळजी घ्या. हॅरिसमध्ये रविवार अजूनही कडक पाळतात. बस नाही, बहुतेक दुकानं बंद. पेट्रोल आणि किराणा शनिवारीच भरा.

तांबडा-पांढरा अर्थातच मिळत नाही. मासे उत्तम मिळतात. सकाळच्या न्याहारीत स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग येतं. ते रक्ताचं असतं. घरी रक्ती-मुंडी आवडीनं खाणाऱ्यांना ते लगेच पटतं. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगून ठेवा, ताटात आल्यावर नको.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बोटवाल्याला तुमच्या मोबाइलबरोबर मुक्कामाच्या घराचाही फोन नंबर द्या. हॅरिसमध्ये रेंज मध्येच गुल होते, आणि ‘उद्या निघतोय, सकाळी लवकर धक्क्यावर या’ हा निरोप न मिळाल्यामुळं बोट हुकणं परवडणारं नाही.

७. बोटीत

गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा निघण्याआधी तास-दीड तास, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. घाटातल्या एसटीसाठी आपण घेतो ती अ‍ॅव्होमिन चालते, मात्र झोप आणते. उपाशी निघू नका. कोरडा टोस्ट, आल्याचं काहीतरी, एवढं पोटात असू द्या. तळकट नको.

पहिला तासभर हॅरिसच्या सामुद्रधुनीतून बोट खडकांमधून वाट काढत जाते. पाणी शांत असतं आणि सगळे फोटो काढत असतात. खुल्या समुद्रात शिरल्यावर लाटा लांब आणि उंच होतात, आणि बोलणं आपोआप थांबतं. मागच्या बाजूला, बोटीच्या मध्याजवळ बसा. नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात. उलटी होईलसं वाटलं तर आत तोंड दाबून बसू नका. खलाशाला खूण करा, तो वाऱ्याच्या कुठल्या बाजूला जायचं ते दाखवेल. चुकीच्या बाजूला गेलात तर शेजारचा आयुष्यभर विसरणार नाही.

८. हिर्टावर उतरणं

बोट धक्क्याला लागत नाही. व्हिलेज बे नावाच्या उपसागरात नांगर टाकते आणि तुम्हाला रबरी होडीत उतरवून धक्क्याच्या पायऱ्यांपाशी नेतात. होडी वरखाली होत असते. खलाशी हात पुढं करेल तेव्हा बोटं धरू नका. त्यानं तुमचं मनगट धरायचं आणि तुम्ही त्याचं. तो सांगेल त्याच क्षणी पाऊल टाका. मध्ये थांबून विचार केला की होडी खाली जाते. सॅक पाठीवर नको, आधी हातात द्या. पूर्व किंवा आग्नेय वारा असेल तर याच ठिकाणी लाट फुटते आणि उतरणं रद्द होतं, बाकी समुद्र ठीक असला तरी. तेव्हा कप्तानाशी हुज्जत घालायची नाही.

धक्क्यावर ट्रस्टचा रखवालदार भेटतो. कुठं पक्षी घरटी करतायत, कुठल्या बाजूला जायचं नाही, ते तो सांगतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. मग कप्तान परतीची वेळ सांगेल. ती हातावर पेनानं लिहून घ्या.

९. चढ

बेटावर साधारण चार ते पाच तास मिळतात. चढ-उताराला तीन तास, गावाला तास, बाकीचा वेळ हातचा राखून ठेवा. आधी डोंगर, मग गाव. उलटं केलंत तर गावातच रमाल.

धक्क्यावरून लष्करी तळाच्या इमारती, चर्च आणि त्याला लागून असलेली एका खोलीची शाळा मागं टाकून जुन्या गावाच्या रस्त्याला लागा. गावकुसाच्या दगडी भिंतीपलीकडं ईशान्येला चढत जाणारी गवताची खोलगट बाजू दिसते. उजवीकडं ओशिव्हलचा डोंगर, डावीकडं कोनाखर आणि मधली ती खिंड. तिला गॅप म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. वाट ठळक नाही, पण दिशा चुकण्यासारखीही नाही.

गॅपला पोचताना सावध. गवत हळूहळू चढत जातं आणि एकदम संपतं. पुढं काही नाही, खाली समुद्र. कठडा नाही, पाटी नाही. कोकणकड्यावर बघतात तसं पालथं झोपून बघा, आणि कडेपासून चार-पाच पावलं आधीच गुडघ्यावर या. ओलं गवत बुटाखाली साबणासारखं सरकतं. दक्षिणेचा जोराचा वारा पाठीवर असेल तर कडेला जाऊच नका. सेल्फीबद्दल वेगळं सांगत नाही.

इथून डावीकडं वळून कोनाखरचा खरा चढ. तीव्र आहे, पण सरळ. कडा उजव्या हाताला ठेवून त्याच्यापासून चांगलं अंतर राखत चढा. माथ्याजवळ १९४३ साली इथं आदळलेल्या ब्यूफायटर विमानाचे तुकडे अजून पडलेले आहेत. बघा, फोटो काढा, उचलू नका. त्यात माणसं गेलीत आणि त्या अवशेषांना कायद्याचं संरक्षण आहे.

माथ्यावरून बोरेरे हे शेजारचं बेट आणि त्याचे सुळके समोर दिसतात. नशीब असेल तर पूर्वेला हेब्रिडीजची रेघही.

आता उतरायचं कुठून? आल्या वाटेनं नको. नैर्ऋत्येला खांद्यावरून मुलाख मोर या टेकडीकडं जा. तिथं रडारच्या इमारती आणि लष्करानं बांधलेला काँक्रीटचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं थेट गावात. गुडघ्यांना कंटाळवाणा, पण वेळेचा नेमका अंदाज देणारा. आणि कोनाखर ढगात असेल तर हाच रस्ता वर जायलाही वापरा, मुलाख मोरपर्यंत जाऊन परत या. माथा हुकला म्हणून ढगात कडेनं चढणारा माणूस शूर नसतो.

१०. पक्ष्यांशी कसं वागायचं

मुलाख मोरच्या माळावर स्कुआ घरटी करतात. तिकडचे लोक त्यांना बॉन्क्सी म्हणतात. तपकिरी, घारीएवढा, आणि अंगावर येण्यात तिच्याहून तापट. तुम्ही घरट्याच्या जवळ आलात की तो लांबून, जमिनीलगत सरळ तुमच्या चेहऱ्याकडं उडत येतो आणि शेवटच्या क्षणी डोक्यावरून जातो. कधी पाय मारून जातो. काठी डोक्याच्या वर उभी धरा. तो सर्वांत उंच टोकावर रोख धरतो. पळू नका, कारण पळताना अंडी किंवा पिल्लू पायाखाली येऊ शकतं. आल्या बाजूनं शांतपणे मागं फिरा.

फुलमार दिसायला साधा, राखाडी-पांढरा. कड्याच्या कडेला, कधी दगडी भिंतीच्या आडोशाला बसलेला असतो. फोटोसाठी जवळ गेलात की तो मान पुढं काढून घशातून आवाज करतो. ती सूचना आहे. त्यानंतर पोटातलं तेल थुंकतो, दोनएक मीटर लांबपर्यंत. सुक्या बोंबलाचं पोतं पावसात महिनाभर भिजलं तर जो वास येईल, तो त्याच्यापुढं बरा. जॅकेटवर पडलं तर परतीच्या बोटीत तुम्हाला बाहेर बसवतील. हेच तेल इथले लोक दिव्यात जाळायचे. १८७८ पर्यंत ब्रिटनमध्ये हा पक्षी फक्त सेंट किल्डावर वीण करायचा, हेही त्याच्याकडं लांबून बघताना लक्षात असू द्या.

पफिन पायाशी बागडतील अशी आशा धरू नका. त्यांची मोठी वसाहत समोरच्या डून बेटाच्या उतारावर आहे; तिथली बिळं दुर्बिणीनं बघायची.

११. गाव

एक वळणदार रस्ता आणि त्याच्या कडेनं १८६० च्या दशकात बांधलेली सोळा घरं. काहींना नवं छप्पर घातलंय, बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. तीन नंबरच्या घरात छोटं संग्रहालय आहे. पण मला विचाराल तर घरांपेक्षा क्लिट बघा. दगडावर दगड रचलेल्या, वर मातीगवताचं छप्पर असलेल्या बुटक्या खोल्या. एकट्या हिर्टावर बाराशेहून जास्त. दगडांत चुना-माती भरलेली नाही, ती मुद्दामच. फटींतून वारा आत खेळतो, वरचं छप्पर पाऊस अडवतं, आणि आत टांगलेले पक्षी, गवत, दोर सुकत राहतात. वाकून आत गेलात तर अंधारात एखादी सोए मेंढी बसलेली असेल. लहान, काळपट-तपकिरी, शिंगांची. कुणी पाळत नाही, कुणी कातरत नाही; लोकर आपोआप गळते आणि भिंतींना लोंबत राहते. १९८५ पासून शास्त्रज्ञ या मेंढ्यांची पिढ्यानपिढ्या नोंद ठेवतायत. त्यांना भडंग देऊ नका.

भिंतींवर चढू नका, दगड हलवू नका. त्या फटींत इथला खास रेन पक्षी घरटी करतो. चिमणीहून लहान, आवाज मात्र गावभर.

१२. परत निघताना झोपू नका

इथं गोळीची झोप दगा देते. निघाल्यावर बोट बोरेरेला वळसा घालते, आणि पुष्कळांच्या मते, माझ्याही, दिवसातला सगळ्यात भारी भाग हाच. स्टॅक अन आर्मिन १९६ मीटर, स्टॅक ली १७२ मीटर. समुद्रातून सरळ उभे सुळके. लांबून बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, ते गॅनेट आहेत. हजारो जोड्या, खडकाची कड न् कड धरून. हिर्टाची माणसं बेटावर राहायची तेव्हा या सुळक्यांवर अनवाणी चढून पक्षी पकडायची. कप्तान इंजिन मंद करतो, वर बघताना टोपी सांभाळा आणि तोंड मिटलेलं ठेवा. वरून काय काय पडतं.

१३. बोट रद्द झाली तर

राखीव दिवसही गेला, तरी हॅरिसमध्ये दिवस वाया जात नाही. लस्केंटायरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, हॅरिसला जोडूनच असलेल्या लुईसमध्ये कॅलनिशचे पाच हजार वर्षांच्या आसपासचे उभे दगड आहेत. दुसऱ्या बोटवाल्यांना रोज संध्याकाळी फोन करत राहा. कुणी गळालं तर जागा सुटते.

आणि इतका वेळ समुद्रात बसणं ज्यांना जमणारच नाही, किंवा सोबत वयस्कर आई-वडील आहेत, त्यांनी हांडा बेट बघावं. वायव्य स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत, टार्बेट नावाच्या छोट्या वस्तीसमोर. हे हॅरिसचं टार्बर्ट नव्हे, नकाशात नाव टाकताना अक्षर बघा. होडीनं काही मिनिटं. तिथंही आता वस्ती नाही, १८४० च्या दशकात बटाट्याच्या दुष्काळानंतर लोक निघून गेले. सुमारे सहा किलोमीटरची गोल वाट आहे, कड्याच्या कडेनं जाते आणि १२३ मीटरचा माथा जवळच राहतो. हजारो गिलेमॉट, पफिन, आणि बॉन्क्सीसुद्धा. होडी रविवारी बंद असते, वारा वाढला तर इतर दिवशीही. सकाळी निघण्याआधी चौकशी करा, आणि तिथं किराणा मिळत नाही म्हणून डबा सोबत घ्या.